अर्ध्या तासानंतरची सभा

नोटीस लागली त्या सोमवारी माझी बायको एतेल्का तारेवर जर्स्या वाळत घालत होती. मी क्लबच्या तळघरातून ओल्या कपड्यांची पाटी घेऊन वर येत होतो. जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या. ओझं तिनं उचलायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण मी वर पोचलो तेव्हा एक खेप तिनं माझ्या आधीच वर आणली होती आणि भिंतीला टेकून ती दम घेत होती.

"मी आणतच होतो की," मी म्हणालो.

"तू आणेपर्यंत ऊन जातं."

मैदानाच्या फाटकातून द्युला बाची आत आले. इथं वडीलधाऱ्या माणसाला बाची म्हणतात, आपल्याकडे काका म्हणतात तसं. त्यांचं वय एकाहत्तर होतं. तरुणपणी ते आमच्या फुटबॉल क्लबचे लेफ्ट बॅक होते आणि आता सामन्याच्या दिवशी फाटकावर तिकिटं फाडत. नेहमी ते आल्या आल्या काहीतरी थट्टा करायचे. त्या दिवशी तारेसमोर नुसते उभे राहिले.

"नऊ नंबर नाही?" त्यांनी विचारलं.

"बाकावर बसून होता. मळलीच नाही तर धुऊ कशाला?" एतेल्का म्हणाली.

तिची पद्धतच तशी होती. सामना रविवारी व्हायचा. सोमवारी मळलेल्या तेवढ्या जर्स्या धुऊन नंबराप्रमाणे तारेवर जायच्या. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून तार वाचायचे आणि कोण खेळला, कोण बसून राहिला ते त्यांना कळायचं. नऊ नंबरवाल्याला त्या दिवशी पावाच्या दुकानातसुद्धा टोमणे ऐकावे लागणार होते.

"एतुश," द्युला बाची म्हणाले, "फाटकावर कागद लागलाय. वाचून ये."

ती वाचून आली आणि तिनं उरलेल्या चार जर्स्या तारेवर घातल्या. मग मला म्हणाली, "क्लब होमोकवारला जाणार."

आमचं गाव वोरोशकूत, हंगेरीच्या उत्तरेला, लोखंडाच्या कारखान्याचं. एकोणीसशे त्र्याऐंशी साली मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीतून सहा जणांबरोबर इथं साचेकाम शिकायला आलो. ते सहाही परत गेले. माझं नाव भालचंद्र, पण ते इथं कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे मला बालिंत म्हणायला लागले. एतेल्का भालू म्हणायची. पहिल्याच रविवारी कारखान्यातल्या लोकांबरोबर मी मैदानावर गेलो आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आणि तालमीची टीम. इथं तेच, फक्त थंडी जास्त. जर्स्या धुणारी मुलगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिचे वडीलही क्लबचं सामान सांभाळत आणि त्यांच्या आधी त्यांचे मामा सांभाळत.

क्लबचा सगळा इतिहास मी इस्त्रीच्या टेबलाजवळ बसून ऐकला. एकोणीसशे बारा साली रेल्वेच्या आणि कारखान्याच्या लोकांनी एका खानावळीत क्लब काढला. निळा आणि पांढरा रंग घेतला, कारण खानावळवालीकडे त्याच रंगाचे टेबलक्लॉथ होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं क्लब कारखान्याला जोडला, नाव बदललं आणि छातीवर लाल तारा लावला. छप्पन्न साली सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठाव झाला तेव्हा एतेल्काच्या आईवडिलांनी एका सकाळी बसून बावीस जर्स्यांवरचे तारे उसवले. उठाव मोडला, तारे परत लावा असा हुकूम आला. वडील म्हणाले, धुण्यात गेले. त्याबद्दल त्यांना तीन महिने कारखान्याची राख उपसायला पाठवलं. मग परत बोलावलं, कारण कोणती जर्सी कोणाच्या अंगाला बसते हे दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. पुढं खाणकामगारांची टीम आमच्यात मिसळली, तेव्हा नाव पुन्हा बदललं. कारखाना बंद पडला, एका पाण्याच्या कंपनीनं क्लब घेतला, आणखी एक नाव. ती कंपनी गेली. तरी टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकून होती. खाणीकडचे दोघे, रोमा म्हणजे जिप्सी वस्तीतले दोन भाऊ, सीमेपलीकडून आलेला एक सर्ब गोलकीपर, बाकी गावातली पोरं.

"नाव सहा वेळा बदललं," एतेल्का म्हणायची. "रंग बदलला नाही, मैदान बदललं नाही आणि धुणारं घर बदललं नाही."

नोटिशीत लिहिलं होतं की क्लब होमोकवारच्या क्लबात विलीन करायचा. वसंत ऋतूपासून टीम तीस किलोमीटरवरच्या त्या गावात, त्यांच्या नावानं, त्यांच्या हिरव्या-पिवळ्या जर्सीत खेळणार. ठरवण्यासाठी आठ नोव्हेंबरला चार वाजता सभासदांची सभा. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. निम्मे सभासद आले नाहीत तर सभा अर्ध्या तासानं पुन्हा भरेल आणि तेव्हा हजर असतील तेवढे ठरवतील.

"पहिल्या सभेला अर्थ नसतो," एतेल्का म्हणाली. "खरी सभा दुसरी. बाबा नेहमी सांगायचे, जेवण सोडून जा पण दुसरी सभा सोडू नका."

द्युला बाचींनी मान हलवली. "तुझं मत लागेल, एतुश."

"मी येणारच आहे."

सप्टेंबरमध्ये मी तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं. हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशनची तारीख एप्रिलची मिळाली. ती कपडे घालत होती तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"एप्रिलपर्यंत जिने नाहीत आणि ओझं नाही," ते म्हणाले. "हे असंच चाललं तर ती एप्रिल बघेल असं मला वाटत नाही. ऐकेल का?"

"क्लब आहे तोवर नाही," मी म्हणालो.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. मशीन वर आणू म्हटलं तर म्हणाली, पाण्याची लाइन तळघरात आहे. दुसरी बाई ठेवा म्हटलं तर म्हणाली, या पगारात कोण येतंय.

"एप्रिलपर्यंत तरी सोड," मी म्हणालो.

"एप्रिलमध्ये सीझन असतो, भालू."

"आणि तू मेलीस तर?"

"तर तू धू." ती हसली. "पांढऱ्याबरोबर निळं टाकू नकोस म्हणजे झालं."

आम्हाला मूल नव्हतं. माझे आईवडील कोल्हापुरात वारले होते आणि तिथं भावाच्या मुलांना मी फोनवरचा आवाज म्हणूनच माहीत होतो. मला या जगात ती एकटीच होती. तिला मात्र मी होतो आणि क्लब होता.

आठ तारखेला सकाळी तिचे पाय एवढे सुजले की बूट चढेनात. तिनं माझे बूट घालून पाहिले. तेही चढले नाहीत. मग तिनं कागद मागवला. इथं आपल्या वतीनं दुसऱ्याला मत देता येतं, कागदावर सही आणि दोन साक्षीदार लागतात. एक साक्षीदार द्युला बाची झाले, दुसरी शेजारची बाई.

"काय टाकायचं माहीत आहे ना?" एतेल्कानं विचारलं.

"पांढरी."

"निळी म्हणजे होमोकवार. पांढरी म्हणजे आपण. आणि पहिली सभा मोडली की उठून येऊ नकोस. अर्धा तास थांब."

"आमच्या कोल्हापुरातल्या सोसायटीतही हाच नियम आहे," मी म्हणालो. "मला शिकवू नकोस."

"मग जा. मफलर घे."

सभा मैदानाच्या कँटीनमध्ये होती. एकसष्ट सभासदांपैकी तेवीस आले, माझ्या हातातलं एतेल्काचं मत धरून. मी स्वतः सभासद नव्हतो. अध्यक्ष सेलेश दातांचे डॉक्टर होते, अर्ध्या गावाच्या कवळ्या त्यांनी बसवलेल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, डोकी मोजली आणि जाहीर केलं की संख्या पुरेशी नाही, साडेचारला पुन्हा भेटू. सगळे उठून कँटीनच्या फळीपाशी गेले. द्युला बाचींनी माझ्यासमोर पालिंकाचा, म्हणजे इथल्या फळांच्या दारूचा, छोटा ग्लास ठेवला आणि माझ्या शेजारी कोपर टेकून उभे राहिले.

"आपले बारा," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांचे अकरा. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन आलोय. एतुश धरून बारा."

"नक्की?"

"कोचिशकडे मला दोन तास त्याच्या मधमाश्यांबद्दल ऐकावं लागलं. एवढं ऐकून घेतल्यावर माणूस फिरत नाही."

"मतदान गुप्त का ठेवलंय?" मी विचारलं.

"दातवाला आहे तो. हात वर करायला लावले तर विरोधात कोण ते त्याला दिसणार आणि मग उद्या त्याच्या खुर्चीत बसायला कोण धजावेल? धंदा बुडेल बिचाऱ्याचा." ते स्वतःच हसले. "एतुश कशी आहे, खरं सांग."

"पाय सुजलेत. ऑपरेशन एप्रिलमध्ये. डॉक्टर म्हणतात तोवर काम नको."

"मग तोवर पाटी मी उचलतो."

"तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात."

"पाटीला कुठं माहीत आहे?"

"द्युला बाची, तुम्ही पाटी उचलाल. ती मशीनपाशी जाणारच. तुम्ही दोन दिवस याल, तिसऱ्या दिवशी तुमचा गुडघा धरेल आणि ती एकटी खाली उतरेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग काय करायचं म्हणतोस?"

"काही नाही," मी म्हणालो.

भिंतीवर जुन्या टीमचे फोटो होते. मी ते बघत राहिलो. तेवढ्यात सेलेशनी चमच्यानं ग्लास वाजवला.

दुसऱ्या सभेत भाषणं झालीच नाहीत. प्रत्येकाला एक निळी आणि एक पांढरी अशा दोन चिठ्ठ्या दिल्या. चौतीस साली जिंकलेला जिल्ह्याचा कप फडक्यानं झाकून टेबलावर ठेवला. नाव पुकारलं की पुढं जायचं, फडक्याखाली हात घालून एक चिठ्ठी टाकायची, दुसरी खिशात ठेवायची.

"कोवाच एतेल्का. तिच्या वतीनं बालिंत," सेलेश म्हणाले; इथं आडनाव आधी घेतात. मी गेलो, हात घातला आणि परत येऊन बसलो.

सेलेशनी चिठ्ठ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्यांनाही ते अपेक्षित नसावं.

"निळ्या बारा," ते म्हणाले. "पांढऱ्या अकरा."

"परत मोज," द्युला बाची म्हणाले.

तिसऱ्यांदाही तेच निघालं. कोचिशनं टोपी घातली, काढली आणि पुन्हा घातली. द्युला बाची खुर्चीत वळले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. आपल्या बारा जणांपैकी प्रत्येकापाशी थोडं थांबले. माझ्यापाशी ते थांबले नाहीत.

घरी एतेल्का खिडकीपाशी बसली होती. माझा चेहरा बघून तिला कळलं असणार, तरी तिनं विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

"कितीनं?"

"बारा-अकरा."

तिनं बोटं उघडली आणि एकेक नाव घेत मिटत गेली. कोचिश. रोमा भावांचा बाप. गवत कापणारा. दोघे जुने खाणवाले. सगळी नावं झाल्यावर म्हणाली, "आपले बारा होते. एक जण फिरला. कोण?"

"गुप्त होतं, एतेल्का."

"तू तिथं होतास. कोणाचं तोंड उतरलं होतं?"

"सगळ्यांचंच."

"कोणीतरी काहीतरी बोललं असेल. आठव."

ती सोडणार नाही हे मला माहीत होतं. एकेकाला बाजूला काढत ती शेवटी कुठं येऊन थांबेल हेही मला दिसत होतं. तेव्हा मी एक वाक्य बोललो.

"द्युला बाचींचा जावई होमोकवार क्लबच्या मालकाच्या ट्रकवर आहे ना?"

हे खरं होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. मी त्याला पुढं काही जोडलं नाही. एतेल्कानं बोटं मांडीवर ठेवली आणि नंतर कोणाचं नाव विचारलं नाही.

दोन दिवसांनी द्युला बाची आले. बागेतले अक्रोड पिशवीतून आणले होते. मी दार उघडलं. आतून एतेल्का म्हणाली, "त्यांना सांग, मी झोपले आहे." तिनं ते एवढ्या मोठ्यानं सांगितलं की मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

ते आणखी दोनदा आले. तिसऱ्या वेळी दारातच म्हणाले, "बालिंत, तिला माझ्याबद्दल काय वाटतंय?"

"बरं नाही तिला," मी म्हणालो. "डोक्यात काहीबाही येतं."

शेजारची बाई तिला भेटायला यायची. एतेल्का तिच्याजवळ बोलली असेल, कारण महिन्याभरात गावात पसरलं की द्युला बोदीनं, म्हणजे द्युला बाचींनी, जावयाच्या नोकरीसाठी क्लब विकला. एतेल्का कोवाच म्हणते आहे म्हणजे खरंच असणार. तिच्या शब्दाला वजन होतं. कोचिशनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. कँटीनमध्ये ते आले की लोक ग्लास घेऊन दुसऱ्या टेबलाशी जायचे.

क्लबचा शेवटचा सामना नोव्हेंबरच्या अखेरीला झाला. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तारेवर काही नव्हतं. होमोकवारच्या लोकांनी मशीनसुद्धा नेलं.

आणि तिनं विश्रांती घेतली. डॉक्टर सांगत होते अगदी तशी. जिना नाही, ओझं नाही. डिसेंबरमध्ये पायांची सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर एप्रिलची काळजी नाही. मी इस्पितळाच्या बाहेर येऊन दोन पाव घेतले आणि उभ्या उभ्या दोन्ही खाल्ले, इतकी मला भूक लागली होती. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

नाताळनंतर तिनं जेवण कमी केलं. आधी मला वाटलं, थंडी आहे. मग ती सकाळी उठेना. विचारलं तर म्हणायची, "उठून काय करू?" रागानं नव्हे, खरंच विचारत असल्यासारखी. मी तिला पत्ते आणून दिले, लोकर आणून दिली. भावाला सांगून कोल्हापूरहून हळद आणि मसाला मागवला, कारण माझ्या हातची आमटी तिला आवडायची. तिनं दोन चमचे घेतले आणि म्हणाली, "छान झालीय."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी ती आपणहून बोलली.

"बाबांना खांदा दिला होता त्यांनी. द्युला बाचींनी. तेव्हा मी त्यांना धरून रडले होते. त्याच माणसानं असं करावं?"

"त्यांनीच केलं हे तुला कुठं माहीत आहे?"

"मग दुसरं कोण? तू सांग."

ती माझ्याकडे बघत होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, घाई कसलीच नव्हती. सांगायला इतका वेळ मला पुन्हा मिळाला नाही.

"चहा आणतो," मी म्हणालो.

चहा आणला. तिनं अर्धा कप घेतला. त्यानंतर आठ दिवसांनी, अकरा फेब्रुवारीला सकाळी, मी शेगडीत लाकडं घालून आलो तेव्हा ती गेलेली होती.

नंतर मी डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, ती धूत राहिली असती तर काय झालं असतं? ते म्हणाले, कदाचित डिसेंबरमध्येच गेली असती, कदाचित एप्रिलपर्यंत पोचलीही असती. काही माणसं कामावर टिकतात. हे पुस्तकात नाही, सांगता येत नाही.

तिला पुरताना गावातली खूप माणसं आली. द्युला बाची स्मशानाच्या फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभे राहिले, आत आले नाहीत. सगळे पांगल्यावर मी बाहेर आलो तेव्हा ते तिथंच होते.

"जाताना ती मलाच दोषी समजत होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग कोणाला?"

"कोणालाच नाही."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "तू एकटा पडलास रे."

तिची पांढरी चिठ्ठी माझ्या खिशात राहिली होती. सभेहून घरी येताना पुलावर थांबून मी ती फाडली आणि पाण्यात टाकली. मी रागानं मत दिलं नव्हतं. क्लब गेला की ती खाली उतरणार नाही आणि खाली उतरली नाही की जगेल, एवढंच मी त्या अर्ध्या तासात ठरवलं. कोल्हापूरचा माणूस आहे मी. पेठेची टीम दुसऱ्या पेठेला दिली तर तिथल्या माणसाचं काय होईल, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी ठरवलं.

होमोकवारचा क्लब चार वर्षांत बुडाला. आमच्या मैदानावर दहा वर्षं गवत वाढलं. गेल्या वर्षी इथल्या तरुणांनी जुन्या नावानं आणि निळ्या-पांढऱ्या रंगात क्लब पुन्हा काढला, सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये. पहिल्या सभेला मलाही बोलावलं. एका मुलीनं सुचवलं की जुन्या टीममधले बोदी द्युला अजून हयात आहेत, त्यांना मानद अध्यक्ष करू. तेव्हा कोचिश काठीवर उठून उभा राहिला. नव्वदीला आलाय.

"त्याच्या एका मतानं हे सगळं गेलं," तो म्हणाला. "ज्यांना माहीत नाही त्यांनी बालिंतला विचारा. एतेल्का याच्याच घरात रडून मेली."

सगळे माझ्याकडे वळले. मी खाली बघितलं. त्यांनी ते होय असं धरलं आणि दुसरं नाव घेतलं.

द्युला बाची आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, गावाच्या वृद्धाश्रमात असतात. मी दर गुरुवारी जातो. ते मला क्लबच्या बातम्या विचारतात आणि मी सांगतो. त्यांना भेटायला दुसरं कोणी येत नाही.

हे मी मराठीत लिहिलं आहे. या गावात ते कोणालाही वाचता येणार नाही. द्युला बाचींना सांगायचं अजून राहिलं आहे.